नारळाचा श्रुतिदोष

पेरुंगुडीतल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसबाहेर त्या रविवारी चपला ठेवायला जागा उरली नव्हती. शोळिंगनल्लूरच्या कंपन्यांत दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारी आमची मराठी मंडळी हात जोडून बसली होती. समोर श्रुतिनाथ महाराज, शेजारी तंबोरा छेडणारा शिष्य आणि रेशमी वस्त्राने निम्मा झाकलेला कीबोर्ड.

चमत्कार असा, की रोग्याने तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हात ठेवायचा आणि महाराजांनी कीबोर्डवर गंधार धरायचा. लगेच नाद थरथरू लागे. "ऐका! देहातली एक श्रुती सरकली! हाच श्रुतिदोष!" मग महाराजांचा डावा हात वस्त्राखाली जाई, ओठ पुटपुटत आणि थरथर शांत होई. दोष गेला, गोळ्या बंद!

या गोळ्या बंद प्रकरणानेच माझं डोकं फिरलं होतं. माझी भाची रेवा फिट्सच्या गोळ्यांवर ठणठणीत होती. नवरात्रात महाराजांनी तिचा दोष काढला, तिच्या आईने, यामिनीने, गोळ्या थांबवल्या आणि काल पोरगी जिन्यात कोसळली. कपाळाला टाके पडले. तरी यामिनी तिला पुन्हा इथेच घेऊन आली होती.

रेवाचा बाप, माझा भाऊ देवेश, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात गाड्यांचे ब्रेक तपासतो. त्याला झापलं तर म्हणाला, "ताई, मी मोबाइलवर ॲप लावून बघितलं. थरथर असताना आणि थांबल्यावर, दोन्ही वेळा सूर तोच दाखवतं. मग थांबली कशी?"

"अरे, ते नुसतं सुराचं नाव सांगतं. गंधार किंचित उतरला तरी नाव गंधारच!"

मी गाणं शिकवते. तंबोरा लावण्यात हयात गेली. ती थरथर मी ओळखणार नाही?

रेवाने भोपळ्यावर हात ठेवला. नाद थरथरला. महाराजांचा हात वस्त्राकडे वळला, तशी मी उठले आणि रेवाचा हात बाजूला केला.

"महाराज, कीबोर्डची पट्टी सोडू नका. कुणाचाच हात नाही, तरी थरथर चालू आहे. ऐकताय ना सगळे?" मी पूजेच्या ताटातला नारळ उचलून भोपळ्याला टेकवला. "आता याचा दोष काढा."

मागून आमचे तंजावरी शेजारी नागोजीराव ओरडले, "अय्यो सामी, नारळाला फिट येते का?"

"पापिणी!" महाराज गरजले. "श्रुती हे ऋषींचं शास्त्र आहे!"

"माझंही आहे. म्हणूनच ते असं विकू देणार नाही." मी वस्त्र ओढलं. खाली सूर बारीक चढवण्या-उतरवण्याचं बटण होतं. मी ते हळूच उतरवलं. थरथर मंदावत थांबली. चढवलं, पुन्हा सुरू.

"तंबोऱ्याच्या खर्जातून गंधार आपोआप ऐकू येतो," मी सांगितलं. "कीबोर्डचा गंधार त्याहून अगदी किंचित चढा असतो. दोन सूर जवळजवळ सारखे, पण तंतोतंत एक नसले, की त्यांच्या लहरी एकदा जुळतात, एकदा एकमेकींना खोडतात. तीच ही थरथर. सूर एक झाले की ती जाते. यात रेवाच्या मेंदूचा काडीचाही संबंध नाही."

देवेशने स्वतः येऊन बटण फिरवलं. चढवलं, उतरवलं, पुन्हा चढवलं. त्याचा चेहरा पडला.

यामिनी रडत म्हणाली, "ताई, मी माझ्या कानांनी ऐकलं होतं हो."

"ऐकलंस ते खरंच होतं. कशामुळे, ते विचारायचं राहिलं."

मंडळी, तुम्हालाही हेच सांगते. आश्चर्य वाटलं तर खुशाल वाटू द्या, पण वस्त्र उचलून बघायला लाजू नका. आणि औषध थांबवा असं डॉक्टर सोडून कुणीही म्हणालं, तर तिथून उठा.

महाराज कीबोर्ड गुंडाळत होते. यामिनीने टाके पडलेलं ते कपाळ कुरवाळलं आणि फोन काढला. "डॉक्टर, रेवाची आई बोलतेय. गोळ्या मी बंद केल्या होत्या. आता कशा सुरू करू, सांगा."