गोपीचंदचे एकशे अठरा गुण

पायलीनं धान मोजतात, तसा राग मोजायला मला पाठवलं होतं. माझ्याकडे माप म्हणजे तीस वाक्यांचा छापील तक्ता. 'मला डिवचलं तर मी हात उचलतो.' 'रागाच्या भरात मी वस्तू फोडल्या आहेत.' 'लोक माझ्या पाठीमागे मला हसतात.' अजिबात नाही म्हटलं की एक गुण, नेहमीच म्हटलं की पाच. शेवटी बेरीज केली की माणूस किती आक्रमक ते कळलं, असं आमची संस्था मानते. मी त्या संस्थेत समुपदेशक आहे, त्यामुळे मीही मानत होते. भंडारा जिल्ह्यातल्या एका तुरुंगात पंचेचाळीस कैदी माझ्या वाट्याला आले.

पहिला आला सचिन. गेल्याच महिन्यात त्यानं बराकीत एकाचं बोट मोडलं होतं. खुर्चीत ऐसपैस बसून म्हणाला, "म्याडम, आपल्याले रागच येत नाही." बेरीज तेहतीस. साधुसंतांनाही याहून जास्त पडले असते.

मग गोपीचंद. करडी गावचा, धान पिकवणारा माणूस, वय पस्तिशीचं. तलावाचं पाणी आधी कुणी घ्यायचं यावरून त्यानं शेजारच्या परसरामच्या डोक्यात फावडं घातलं होतं. परसराम वाचला. गोपीचंद अकरा महिने आत होता, खटला रेंगाळला होता. आत मात्र त्यानं कुणाला साधा धक्का दिलेला नव्हता. तो वांग्याच्या वाफ्याला पाणी घालायचा.

प्रशिक्षणात घोटून घेतलं होतं तसं मी म्हणाले, "मनमोकळं सांगा. इथं बरोबर-चूक काही नाही. फक्त लपवू नका."

तो सावरून बसला. "म्हंजे आमच्या बैठकीसारखंच."

त्यानं समजावून सांगितलं. धानाच्या रोवणीच्या आधी तलावाच्या काठी गावची बैठक बसते. वर्षभरात कुणाचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, फोडला, कुणाचं पाणी आपल्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, वळवलं, हे ज्याचं त्यानं उभं राहून सांगायचं. जो सांगेल त्याचं मिटलं, पुन्हा कुणी विषय काढायचा नाही. लपवून सापडला तर त्याला त्या वर्षी तलावाचं पाणी नाही.

"मी तवा परसरामवरचा राग बैठकीत आधीच सांगतलो असतो तं इथं आलोच नसतो," तो म्हणाला आणि खरोखरच उभा राहिला.

उभ्यानं त्यानं सगळं सांगितलं. भावाच्या लग्नात ताट फेकलं, पाच लिवा. लाथ मारणाऱ्या गाईले काठी हाणलो, पाच लिवा. परसराम अजूनही सपनात येते तं मूठ वळते, तेही लिवा. मी लिहीत गेले. बेरीज एकशे अठरा, पंचेचाळीस जणांत सर्वांत जास्त. जाताना त्यानं हात जोडले. "लय हलकं वाटून राहिलं, म्याडम."

कैद्यांची नावं संस्थेबाहेर जाणार नाहीत असं ठरलं होतं. आमचे प्रकल्पप्रमुख वीरेंद्र सर यांनी मात्र तुरुंगानं मागितली म्हणून वरच्या पाच जणांची यादी देऊन टाकली. आठवड्यात हुकूम आला. त्या पाचांना लांबच्या मध्यवर्ती कारागृहात, एकेकट्या कोठडीत हलवायचं. गोपीचंदची म्हातारी आई, गिरजाबाई, दर बुधवारी करडीहून एसटीनं त्याला भेटायला यायची. त्या लांबच्या ठिकाणी जायला दोन एसट्या आणि एक रेल्वे लागते. तिला आकडेही वाचता येत नव्हते.

मी वीरेंद्र सरांशी भांडले. ते म्हणाले, "साधना, आकडा तो आकडा. त्याला आई नसते." असा संताप आला की त्या क्षणी माझी बेरीज कुणी केली असती तर यादीत पहिलं नाव माझंच लागलं असतं. जेलरसाहेबांकडे गेले. तेही म्हणाले, माणूस सरळ आहे, पण आता वर कळवलंय. फार गयावया केल्यावर त्यांनी एकदा फेरचाचणीची परवानगी दिली. आकडा उतरला तर नाव काढू म्हणाले.

गोपीचंद समोर बसला. जेलरसाहेब शेजारीच होते. तरी मी नियम मोडला. म्हणाले, "घाई करू नका, गोपीचंद. आता तुम्ही शांत झालात ना? सगळं सांगायलाच हवं असं नाही."

त्याचा चेहरा पडला. मी त्याला लपवायला सांगत होते, आणि लपवलं की पाणी जातं हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. तो पुन्हा उभा राहिला.

"म्याडम, मागच्या टायमाले काही राहून गेलं म्हणूनच तुम्ही परत बोलावल्या. रातभर आठवलो." आणि त्यानं राहिलेलं सांगितलं. सासऱ्याला दिलेली शिवी. लहानपणी फोडलेली मास्तरांची सायकल. जेलरसाहेब तक्त्यावर नजर ठेवून होते, त्यामुळे कमी आकडा लिहिता आला नाही. बेरीज एकशे सव्वीस.

मी हात टेकले.

बुधवारी अकराला फाटकाशी गिरजाबाई भेटली. धुतलेला शर्ट पिशवीत घेऊन आली होती. आज भेट होणार नाही एवढंच सांगून शिपायानं तिला माझ्याकडे पाठवलं होतं.

"पोरी, अंदर मारामारी केली का त्यानं?"

"नाही, आजी."

"मंग खोटं बोलला?"

"नाही. खरं बोलला. सगळं सांगितलं त्यानं."

तिनं मोठा श्वास सोडला. सुरकुतलेला चेहरा एकदम मोकळा झाला. "सगळं सांगतलं ना? मंग तं मिटलं. आता सोडतीन त्याले." ती बाकावर टेकली, शर्टाची घडी पुन्हा नीट केली. "मी बसतो इथंच. याच फाटकातून येईल ना थो?"

गाडी त्याला घेऊन सकाळी सातलाच गेली होती. ते सांगायला मी तिच्या शेजारी बसले, आणि दुपारची करडीची एसटी निघून गेली तरी मला सांगता आलं नाही.