विहिणी आणि खाडीचं पाणी

साधनाचं लग्न झालं, त्याच वर्षी धानाची रोवणी आटोपल्यावर तिनं आपल्या मायला आणि सासूला कोकणात बोलावून घेतलं. जावई कुलदीप तिकडे पर्यटकांच्या निवासात नोकरीला होता. समुद्राला मिळणाऱ्या नदीच्या काठी लहानशी वाडी, पावसाळ्यात पाहुणे नाहीत, काम नाही. "खा आणि लोळा," जावई म्हणाला.

पण आसगावच्या चंद्रभागाबाईला चैन कुठली? लेक आपली राहिली की लाखांदूरच्या विहिणीची, सुंदरबाईची झाली, हेच ती दिवसभर पाहत होती. चहा आधी कोणाला, माशाचा मोठा तुकडा कोणाच्या ताटात. साधना सासूच्या गुडघ्यांना तेल चोळायला बसली की ही आपलेही गुडघे चोळू लागायची.

"मलेही गुडघे आहेत वं बाई," ती एकदा म्हणालीच.

"तुमचे तं हरणीवानी पळतेत, विहीणबाई!" सुंदरबाई हसली.

एका सकाळी दोघी नदीतल्या खडकावर बसल्या होत्या. साधना आली, सासूच्या खांद्यावर शाल टाकून घरी गेली. चंद्रभागाबाई ताडकन उठली.

"मले हात द्या ना," सुंदरबाई म्हणाली.

"बसा शालीत. पाणी तं उतरून राहिलं, कायले भेता?"

त्यांच्या गावाकडची वैनगंगा एकदा उतरली की वर पाऊस पडल्याशिवाय चढत नाही. भरती दोघींनाही ठाऊक नव्हती.

घरी येऊन चंद्रभागाबाईनं लेकीला पुढ्यात बसवून वेणी घालायला घेतली. आज लेक एकटी तिच्या वाट्याला आली होती.

"आई कुठं आहेत?" साधनानं सासूबद्दल विचारलं.

"खडकावर."

साधना अर्धी वेणी तशीच सोडून धावली. नदी उलटी वाहत होती. सुंदरबाई कमरेइतक्या पाण्यात खडकाला धरून उभी.

"माय! सोडू नको!" साधना ओरडली.

"हो वं," मागोमाग काठावर आलेली चंद्रभागाबाई म्हणाली. सासूला साधना 'आई' म्हणायची, माय म्हणजे आपणच, असं तिला वाटलं. मग तिनं लेकीची नजर पाहिली. ती नजर सुंदरबाईवर होती. तशीच चंद्रभागाबाई पाण्यात शिरली आणि दोघींनी सुंदरबाईला ओढून काढलं.

साधना कोरडं लुगडं आणायला गेली, तेव्हा सुंदरबाई धापा टाकत म्हणाली, "हात नाही दिला, हे पोरीले सांगू नका. तिले वाईट वाटंल."

या चांगुलपणाचाही चंद्रभागाबाईला हेवा वाटला. तिनं लेकीला सांगितलं नाही. सुंदरबाईनंही नाही.

त्याच वर्षी पौषात सुंदरबाई लाखांदूरला वारली. खडकावरची ती गोष्ट आता एकट्या चंद्रभागाबाईजवळ राहिली.