खोकला 'प्रिव्हलंट' नाही

फरशीच्या कारखान्यातल्या दवाखान्यात ती अकरा वर्षं नर्स होती. दवाखाना म्हणजे एक खोली, एक खाट, औषधांचं कपाट आणि खिडकीच्या गजांवर कितीही पुसली तरी पुन्हा बसणारी पांढरी पूड. डॉक्टर फक्त बुधवारी यायचे. एरवी सगळा कारभार बाईंचा.

नोंदवहीही तिच्याच हातची. कोण आलं, काय होतंय, कधीपासून होतंय. त्या वहीवरून कामगार अधिकारी दर तीन महिन्यांनी इंग्रजीत अहवाल करायचे, डॉक्टर सही ठोकायचे आणि खाली 'नोंदी तपासल्या' म्हणून तिची सही व्हायची. मग तो तपासणी खात्याकडे जायचा. एकदा तिनं विचारलंही होतं, यात काय लिहिलंय म्हणून. सगळं ठीक आहे असं लिहिलंय, नेहमीचंच, असं अधिकारी साहेबांनी हसून सांगितलं होतं.

सरकारी रुग्णालयाच्या भरतीला इंग्रजीचा पेपर होता, म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी तिनं संध्याकाळचा वर्ग लावला. शिकवणारे मास्तर कोर्टातून निवृत्त झालेले भाषांतरकार. शब्दाला शब्द तोलून घेणारा माणूस. त्या दिवशीचा धडा होता, एखादी गोष्ट किती पसरलीय, किती वरचढ आहे हे सांगणाऱ्या औपचारिक शब्दांचा. प्रिव्हलंट म्हणजे पुष्कळांत आढळणारं. प्रिडॉमिनंट म्हणजे बाकी सगळ्यांना मागं टाकणारं. रॅम्पंट म्हणजे मोकाट सुटलेलं, कुणाला न आवरणारं. मास्तरांनी प्रत्येकाला वाक्य करायला लावलं. बसच्या कंडक्टरनं आपल्या घरात सासूबाई प्रिडॉमिनंट आहेत असं सांगितलं आणि वर्ग खो खो हसला. तीही हसली. पण तिची पेन्सिल पहिल्या शब्दावरच अडली होती. हा शब्द तिनं पाहिला होता. त्याच्या आधी 'नॉट' होतं.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडल्याबरोबर तिनं अहवालांची फाइल काढली आणि एकेका शब्दावर बोट ठेवत वाचलं. पॉलिश विभागात खोकला प्रिव्हलंट नाही, तुरळक रुग्ण आहेत, तेही धूम्रपानामुळे. मागच्या अहवालातही तेच. त्याच्या मागच्यातही. खोकल्याच्या तक्रारी सुरू झाल्यापासूनचे आठ अहवाल, आठही ठिकाणी तिची वळणदार सही. आणि शेजारी तिचीच वही सांगत होती, त्या विभागात माणसं त्रेसष्ट, महिनोन्‌महिने खोकणारी एकेचाळीस. त्यांत तिचा सख्खा दीर, ज्यानं जन्मात सिगरेट ओठाला लावली नव्हती.

ती तडक साहेबांच्या खोलीत गेली. साहेब शांत होते. हा तांत्रिक शब्द आहे, त्याचा अर्थ असा शब्दकोशातून काढायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं.

"त्रेसष्टातले एकेचाळीस," ती म्हणाली. "आणखी किती जण खोकले म्हणजे प्रिव्हलंट होतं, साहेब?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. अहवाल खोटा असेल तर खाली सही कुणाची आहे तेही बघा, म्हणाले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्याच हातानं आपल्याच माणसांच्या डोळ्यांत धूळ फेकली, आणि आता तोच हात हा माणूस पिरगाळतोय.

घरी दिरानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. वहिनी, उगाच हात दाखवून अवलक्षण नको, दोघांचीही नोकरी जाईल, एवढं बोलायला त्याला दोनदा थांबून खोकावं लागलं. तिला त्याचाही राग आला. ज्यांच्यासाठी तोंड उघडायचं, त्यांनीच ते दाबायचं?

तिनं तपासणी खात्याला स्वतः पत्र लिहायला घेतलं. पहिलंच वाक्य लिहिलं, की मी आठ अहवालांवर न समजता सह्या केल्या, ही माझी चूक. मग खोकला रॅम्पंट आहे असं लिहून मास्तरांकडे नेलं. मास्तरांनी तो शब्द खोडला.

"राग आलाय मला," ती म्हणाली. "तो दिसू दे की."

"राग तुमच्याजवळ ठेवा. रॅम्पंट म्हटलं की ते म्हणतील, बाई चिडल्यात. प्रिडॉमिनंट लिहा. दम्यापेक्षा, तापापेक्षा, पाठदुखीपेक्षा खोकला जास्त, हे वहीतून सिद्ध होतं. सिद्ध झालेला शब्द कुणाला खोडता येत नाही."

तिनं तसं लिहिलं, नावं झाकून वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या आणि रजिस्टर पोस्टानं पाठवलं.

महिन्याभरात तपासणी अधिकारी हजर झाल्या. त्यांनी दवाखान्यात बसून वही पानापानानं वाचली, पॉलिश विभागात उभ्या राहिल्या आणि बाहेर येऊन रुमालानं चष्मा पुसला. साहेब मागे मागे होतेच. बाईंचा भाषेचा गैरसमज झाला, त्यांचं इंग्रजी अजून कच्चं आहे, असं ते अगदी सहानुभूतीनं सांगत होते.

ती दारात उभी होती. आवाज तिनं मुद्दाम खाली ठेवला.

"माझं कच्चं आहे, मॅडम. साहेबांचं पक्कं आहे. म्हणूनच त्यांनी तो शब्द निवडला."

अधिकारीबाईंनी वही स्वतःच्या पिशवीत घातली.

धूळ दाबणाऱ्या पाण्याच्या नळ्या बसेपर्यंत फरशीची कोरडी घासाई बंद झाली आणि सगळ्यांच्या छातीचे फोटो निघाले. एकोणीस जणांच्या फुफ्फुसांत डाग सापडले. दीर त्यांतलाच. त्याला पॅकिंगला हलवलं. पहिल्या दिवशी तिथं डबा खाल्ल्यावर त्यानं वहिनीला सांगितलं, की घासात पुडीची कचकच लागली नाही. तेवढ्यानं तिला बरं वाटलं नाही. आठ अहवाल म्हणजे दोन वर्षं. पहिल्याच वेळी कुणी खरा शब्द लिहिला असता, तर त्या दोन वर्षांची पूड याच्या छातीत गेली नसती.

तिला दवाखान्यातून काढून फाटकावर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहायला. साहेबांना ताकीद मिळाली. खुर्ची होती तिथंच राहिली. रोज सकाळी ते फाटकातून आत येतात, गाडीची काच खाली करून नमस्कार करतात. ती वेळ लिहिते, गाडीचा नंबर लिहिते, आणि मान वर करत नाही.