पहिला ओवसा

गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस आमच्या मेडिकलमध्ये पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या इतक्या खपतात, की मालक खोकं काउंटरवरच ठेवतो. बायका डॉक्टरची चिठ्ठी आणत नाहीत आणि आम्ही मागत नाही. मी फार्मासिस्ट आहे. नियम मला पाठ आहेत. तरी साकीनाक्याच्या त्या दुकानात नऊ वर्षं मी त्या गोळ्या दिल्या, घरातल्या बायकांनाही.

यंदा सासूबाईंनी धाकट्या जावेसाठी मागितल्या तेव्हा मी नाही म्हणाले.

निधीचं लग्न होऊन सात महिने झाले होते. नव्या सुनेनं सुपं भरून आधी गौरीपुढे धरायची, मग सासूच्या हातात द्यायची, हा आमच्याकडचा ओवसा. पहिला ओवसा गौर पूर्वा नक्षत्रावर आली तरच होतो, आणि तसा योग दरवर्षी नसतो. यंदा होता. निधीची तारीख मात्र नेमकी गौरीपूजनाची. दोन वर्षांपूर्वी पाय प्लास्टरमध्ये असताना तिच्या पोटरीच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. अशा बाईला ती गोळी द्यायची नसते.

मी सासूबाईंना कागदावर शीर काढून दाखवली. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, चार दिवसांच्या गोळीनं काय होतंय, आणि देवीच्या कामात देवीच सांभाळते. निधीचा नवरा, माझा दीर देवेश, इंजिनिअर आहे. दुसऱ्या दिवशी तो घाटकोपरच्या एका दुकानातून पाकीट घेऊन आला. तिथे त्याला कुणी चिठ्ठी मागितली नव्हती. मी तरी कधी मागितली होती?

सकाळी चहाच्या वेळी त्यानं पाकीट निधीसमोर ठेवलं. वहिनी नको म्हणतात, असं ती पुटपुटली.

"वहिनीला सगळ्यातच रिस्क दिसते," देवेश म्हणाला. "घे ना यार. आईच्या सणाची वाट नको लावू."

निधीनं पाण्याचा पेला उचलला.

"सहा वर्षं झाली, मी ही गोळी घेतलेली नाही," मी म्हणाले. "त्यातली तीन वर्षं गौरीच्या दिवशी मला पाळी होती. नैवेद्याचं घावन-घाटलं मीच केलं. तारखा लिहिलेल्या आहेत."

दूर्वा निवडणारा सासूबाईंचा हात थांबला. फार लागलं की त्या मालवणीवर येतात.

"म्हणजे मी देवीक विटाळाचा दाखवलंय?"

"तुम्ही श्रद्धेनं दाखवलंत. लपवलं मी."

देवेश हसला. म्हणजे देवी नाही असं सिद्ध झालं का, असं त्यानं विचारलं.

"ते यातून कळत नाही," मी म्हणाले. "तीन वर्षं बाटलेलं कुणाला ओळखू आलं नाही, एवढंच कळतं. आणि गोळीनं गाठ होऊ शकते, हे आधीपासून माहीत आहे."

बोलताना मला काही अभिमान वाटत नव्हता. मला जे कळलं होतं ते मी फक्त स्वतःच्या शरीरापुरतं वापरलं होतं. बाकीच्या बायकांना पाकिटं विकली होती.

निधीनं पेला खाली ठेवला आणि पाकीट देवेशकडे सरकवलं. "तूच घे रे," ती म्हणाली. "तुला कुठे गाठ झालीय."

सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात यायला बंदी केली. नवरा म्हणाला, माफी माग, विषय संपव. मी लपवल्याची माफी मागितली. पाळीची नाही. त्यांनी मान फिरवली आणि गौरीचा सगळा स्वयंपाक, गुडघे दुखत असताना, एकटीनं केला.

गौरीपूजनाच्या सकाळी निधीला पाळी आली. सासूबाईंनी तिला आतल्या खोलीत बसायला सांगितलं. ती अंघोळ करून, लग्नातली साडी नेसून, स्वतः सुपं भरून बाहेर आली. खोलीत शेजारच्या पाचसहा बायका होत्या.

"आज माझा पहिला दिवस आहे," ती म्हणाली. "ज्यांना चालत नसेल त्यांनी सूप घेऊ नका."

दोघी उठून गेल्या. निधीनं सूप गौरीपुढे धरलं, डोळे मिटले, आणि मग ते सासूबाईंपुढे केलं. त्यांनी हात मांडीवरून हलवले नाहीत. थोरली जाऊ म्हणून ते सूप घ्यायला मी पदर पसरून पुढे झाले.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "पानार सुपारी नाय. दोघी शिकलेल्यो, पण सूप भरूक येणा नाय."

त्या उठल्या, पूजेच्या तबकातली सुपारी घेतली आणि बोट लागू न देता वरूनच सुपात टाकली. मग जागेवर जाऊन बसल्या. सूप त्यांनी घेतलं नाही.

निधी हात पुढे करून उभीच राहिली.

"मी थांबते, आई," ती म्हणाली.

मी तिच्या मागे खुर्ची सरकवली. ती बसली नाही.