धुक्याचा वास

युरोपच्या नकाशावर आमच्या देशाचं नाव देशात मावत नाही. छापणाऱ्याला ते समुद्रात लिहावं लागतं, आणि समुद्रही आमच्या वाट्याला जेमतेम आलेला असल्यामुळे त्यातली अर्धी अक्षरं इटलीच्या पाण्यात पडतात. मी सेझानाच्या शाळेत भूगोल शिकवतो, त्यामुळे हे दुःख मला वर्षभर पुरतं.

तर या एवढ्याशा स्लोव्हेनियात पुस्तकाप्रमाणे तीन हवामानं आहेत. सकाळी बर्फावर घसरा, दुपारी समुद्रात डुंबा, असं पर्यटन खातं सांगतं. मधल्या वेळात काय खावं याबद्दल मात्र देशात एकमत नाही. आल्प्सकडचे लोक चीज सोडून दुसऱ्या कशाला अन्न म्हणत नाहीत. मुरा नदीपलीकडच्या सपाटीवरचे, प्रेकमुर्येचे लोक, भोपळ्याच्या बियांचं काळंहिरवं तेल सगळ्यावर ओततात. ते तेल सॅलडमध्ये घालायचं की ट्रॅक्टरमध्ये, हा आमच्याकडचा जुना विनोद आहे. आणि आम्ही, क्रासच्या दगडी पठारावरचे, डुकराची मागची मांडी समुद्राच्या मिठात दाबतो, मग माळ्यावर टांगतो आणि ती सुकेपर्यंत एकमेकांबद्दल बोलतो.

ती सुकवतो वारा. बूर्या म्हणतात त्याला. ईशान्येकडून येतो, कोरडा असतो, आणि कौलांवर दगड ठेवले नाहीत तर कौलं शेजारच्या गावात जातात. फुकट मिळतो म्हणून आम्ही त्याला वडिलोपार्जित समजतो.

आमच्या सुहोदोल गावात मांडी संघ आहे. संघाचा अध्यक्ष एगोन, त्याची खानावळ आहे आणि संघाच्या सभा तिथेच भरतात, म्हणजे ठराव आणि बिल एकाच टेबलावर होतं. प्रत्येक घराची आपली खूण असते; मांडी पास झाली की तापलेल्या लोखंडानं ती खूण कातडीवर उठवतात. खूण असली की माल सीमेपलीकडे इटलीत, त्रिएस्तला जातो. खूण नसली की तो घरी खायचा. आणि ज्या घराची खूण सलग तीन वर्षं उठली नाही, ते घर संघातून कायमचं गळतं.

पास-नापास ठरवायचं बोगोमिलकाकांनी. सत्तरी ओलांडलेले, विधुर, मिशा पांढऱ्या आणि नाक असं, की गावात दिशा सांगताना त्याचा उपयोग व्हावा. घोड्याच्या नळीच्या हाडाचं एक बारीक दाभण त्यांच्या खिशात असे. ते मांडीत ठरलेल्या जागी खुपसायचं, उपसायचं आणि लगेच नाकाशी धरायचं. हाडात वास क्षणभर राहतो, मग उडून जातो. त्या क्षणात काका सांगत की मांडी हाडापाशी बिघडली आहे की नाही, मीठ कमी पडलं का, खिडकी कुठल्या आठवड्यात उघडी राहिली. त्यांच्या वडिलांनीही हेच केलं होतं.

काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात काकांना ताप आला. ताप गेला तो वास घेऊन गेला. हे तेव्हा फक्त एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस ते नाक घेऊन गावभर हिंडत होता.

बिनवासाचं नाक घेऊन परीक्षा कशी घ्यायची, हा प्रश्न काकांनी आमच्या शिक्षण खात्यासारखाच सोडवला. सगळ्यांना पास करायचं आणि एकाला नापास. सगळेच पास झाले असते तर लोक म्हणाले असते की काकांचं नाक झोपलं. एक नापास झाला की बाकीच्यांच्या पास होण्याला किंमत येते. पहिल्या वर्षी त्यांनी एका भांडकुदळ माणसाला पाडलं, दुसऱ्या वर्षी दारुड्याला. दोन्ही वेळा गाव म्हणालं, आम्हाला वाटतच होतं. मांड्यांना या काळात राजधानीच्या जत्रेत पदकं मिळाली, आणि वर्तमानपत्रात काकांच्या नाकाचा फोटो आला. माणूस त्यामागे थोडासा दिसत होता.

तिसऱ्या वर्षी एतेल्काची पाळी आली.

एतेल्का मुरेपलीकडची. सिल्वान म्हणून आमच्या गावचा एक दगडकाम करणारा होता, तो तिकडे एका चर्चची पायरी बसवायला गेला आणि हिला घेऊन आला. वीसेक वर्षं झाली असतील. गावानं तिला लगेच नाव दिलं, ‘धुक्याकडची’. तिकडच्या सपाटीवर थंडीत आठवडा-आठवडा धुकं उठत नाही, हे खरं आहे. तिची त्यात काय चूक, हे कुणी सांगितलं नाही. सिल्वानची पाठ धरलेली असायची, त्यामुळे मांड्यांना मीठ चोळायचं, त्या उलटायच्या, रात्री-अपरात्री माळ्याच्या खिडक्या उघडायच्या-मिटायच्या, हे सगळं तीच करायची. गावाला ते माहीत होतं. म्हणून सिल्वानच्या मांड्यांची स्तुती करताना गाव न विसरता सिल्वानचीच करायचं.

तो वारला त्या वर्षी तिनं मांड्या टांगल्याच नाहीत. पुढच्या वर्षी टांगल्या, पण बूर्या नीट आला नाही, आणि तिनं परीक्षेला ठेवायला नकार दिला. त्या वर्षी माझ्या मेव्हण्यासकट बऱ्याच जणांच्या माळ्यावर विजेचे पंखे फिरत होते. पंखा ईशान्येच्या खिडकीत ठेवला की तो बूर्याच धरावा, असं संघाचं मत पडलं. एतेल्का म्हणाली, असला वारा मी तिकडूनही आणू शकले असते.

आता तिसरं वर्ष. बूर्या झकास आला होता. मांड्या पास झाल्या नाहीत तर सिल्वानच्या आजोबांपासूनची, तीन दगडांची खूण गळणार होती. त्या खुणेखेरीज गावात राहायला आपल्याकडे दुसरं कारण नाही, असं तिनं माझ्या बायकोला सांगितलं होतं.

परीक्षेच्या दिवशी तिच्या माळ्यावर आम्ही सगळे दाटीवाटीनं उभे होतो. नापास कोण होतं ते बघायला गाव दरवर्षी जातं. एतेल्का भिंतीला टेकून उभी होती, हात ॲप्रनमध्ये गुंडाळलेले. काकांनी दाभण खुपसलं, उपसलं, नाकाशी नेलं, डोळे मिटले. मग डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. नाक गेल्यावर माणूस डोळ्यांनी हुंगतो. ज्याचा चेहरा घाबरलेला, त्याची मांडी बिघडलेली, हा त्यांचा नवा ठोकताळा होता, आणि त्या माळ्यावर एतेल्काएवढं घाबरलेलं कुणीच नव्हतं.

काका म्हणाले, “धुक्याचा वास येतोय.”

एवढंच. गाव इतकं खूश झालं की दोन दिवस दुसरा विषय नव्हता. एगोननं ते वाक्य खानावळीत खडूनं फळ्यावर लिहून ठेवलं. त्या दिवशी आम्ही माळ्यावरून उतरलो तेव्हा एतेल्का आपल्याच मांडीला नाक लावून उभी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती काकांच्या घरी गेली. रागानं नाही, विचारायला. नेमकं काय चुकलं ते कळावं म्हणून. तिचा त्या नाकावर विश्वास होता, हे लक्षात घ्या. दार ढकललं तर स्वयंपाकघर गॅसनं भरलेलं. काकांनी दूध ठेवलं होतं, ते उतू जाऊन ज्योत विझली होती, शेगडी नुसती फुसफुसत होती, आणि काका तीन हातांवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. तिनं शेगडी बंद केली, सिलिंडरची चावी फिरवली, दारं-खिडक्या उघडल्या. मग त्यांच्यापाशी आली. ते म्हणाले, गारठा येतोय, लाव ती खिडकी.

तिला सगळं एकदम समजलं. तिनं त्यांना विचारलं की कधीपासून. त्यांनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं आणि म्हणाले की माझं नाक ठणठणीत आहे, तुझ्या मांडीला धुक्याचा वास होता. जीव वाचवल्याबद्दल आभार मानले असते तर कबुली दिल्यासारखं झालं असतं, म्हणून तेही मानले नाहीत.

त्या रविवारी सभा होती. मी सभासद नाही, पण एगोनकडची वाईन बरी असते आणि मेव्हणा बरोबर नेतो. एतेल्का उशिरा आली, कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन, आणि सरळ काकांच्या टेबलापाशी गेली. कापड सोडलं. आत काकांच्यासारखंच हाडाचं दाभण होतं, सिल्वानच्या घरातलं. तिनं ते सकाळभर कोंबड्यांच्या खुराड्यात, घाणीत खुपसून ठेवलं होतं. हे तिला सांगावं लागलं नाही. माझ्या टेबलापर्यंत दर्प आला, आणि शेजारच्या म्हाताऱ्यानं ग्लासावर हात ठेवला.

“काका, हे ज्या मांडीतून आलं ती कुणाची ते सांगा,” ती म्हणाली. “चुकीची सांगितलीत तरी चालेल.”

काकांना नाही म्हणता आलं असतं. पण समोर सगळं गाव, मागे तो फळा. त्यांनी दाभण घेतलं, सवयीनं बोटांत फिरवलं, नाकाखाली धरलं आणि डोळे मिटले. इतक्या शांतपणे मिटले की क्षणभर मलाच वाटलं, असेल बाबा काहीतरी.

“एगोनची,” ते म्हणाले. “गोडसर. मीठ बेताचं. मागच्या फेब्रुवारीतला वारा.”

कुणी हसलं नाही. हसायला जाताजाताच प्रत्येकाला आपला माळा आठवला असावा. हे नाक मेलेलं असेल तर तीन वर्षांच्या खुणा मेलेल्या, पदकं मेलेली, त्रिएस्तची गिऱ्हाइकं उद्याच माल परत पाठवणार. एगोनचा चेहरा तेवढ्या वेळात दोनदा बदलला. मग त्यानं काकांच्या हातून दाभण घेतलं, स्वतःच्या नाकाशी नेलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत वास घेतला.

“बरोबर,” तो म्हणाला. “माझीच.”

“एगोन, तुझ्या मांडीला कोंबड्यांच्या घाणीचा वास येतो?”

“प्रत्येक भागाची आपली एक चव असते, एतेल्का. तुमच्याकडच्यांना ती नाही कळायची.”

माना हलल्या. आधी माझ्या मेव्हण्याची, मग इतरांच्या. मी म्हणालो की भूगोलात तरी अशी चव कुठे नोंदलेली नाही. एगोन म्हणाला, “प्रोफेसर, तुम्ही नकाशा सांभाळा, वारा आम्ही बघतो.” लोकांना त्यावर हसता आलं, आणि ते जरा जास्तच हसले. मग ठराव झाला की यापुढे दाभण माळ्याबाहेर हुंगायचं नाही, आणि त्याच बैठकीत, वेळ वाचावा म्हणून, तीन दगडांची खूण गळली.

एतेल्कानं दाभण पुसलं, कापडात गुंडाळलं आणि गेली. खानावळीचा वास जायला बुधवार उजाडला. तोवर एगोन गिऱ्हाइकांना सांगत होता की मोरी तुंबलीय.

मांड्या उरल्या होत्याच. एगोननं निरोप धाडला की बिनखुणेच्या आहेत, तरी गुपचूप घेईन. त्यांच्यावर पुढे कुठली खूण उठणार हे न कळण्याइतकी ती धुक्यातली नव्हती. तिनं त्या गाडीत घालून माहेरी, मुरेपलीकडच्या बाजारात नेल्या. तिथल्या लोकांनी काप चाखले आणि नाकं मुरडली. फार खारट, फार कडक, दगड चाटल्यासारखं लागतं. एका बाईनं तिला विचारलं की तुम्ही क्रासकडचे लोक यावर आपलं तेल का घालत नाही. ती हे मला सांगताना हसली. ‘तुम्ही क्रासकडचे’ असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी म्हटलं होतं.

एक मांडी मात्र तिनं ठेवून घेतली. गाव सोडून ती गेली नाही. जायला कुठे होतं. शेजारच्या गावात शिवणकाम करते आणि अंडी विकते. अंडी आम्हीच घेतो.

मागच्या डिसेंबरात मी अंडी आणायला गेलो होतो. बूर्या सुटला होता, खिडक्यांची शटरं आपटत होती. दार वाजलं आणि बोगोमिलकाका आत आले. आदल्या महिन्यात त्यांनी पुन्हा एकाला नापास केलं होतं, तोंड थोडं वाकडं असलेल्या एका गरीब माणसाला, ज्याचा चेहरा जन्मापासूनच घाबरलेला आहे. ते मला बघून जरा थबकले, पण बसले. टोपी गुडघ्यावर ठेवली. एतेल्कानं काही न विचारता खुंटीवरची मांडी उतरवली आणि पातळ काप काढून त्यांच्यापुढे ठेवले. पलीकडून दिवा दिसेल इतके पातळ. मलाही दिले. मी आयुष्यभर त्या गावात मांड्या खातोय. तशी मांडी मी तिथे खाल्लेली नाही.

काका खूप वेळ चावत राहिले. माणूस अंधारात किल्ली चाचपतो तसे. मग ताटलीवर वाकले, त्यांचं ते गावाला दिशा दाखवणारं नाक कापांना टेकलं, आणि तसेच राहिले.

“पोरी,” ते वाकलेलेच म्हणाले, “खरं सांग. कसला वास आहे गं याला?”

एतेल्कानं सुरी पुसली. मांडी पुन्हा खुंटीला टांगली, दोरी सरळ केली.

“धुक्याचा, काका,” ती म्हणाली.