आजोबांचे तेवीस

आमच्या दूधपेढीत वजाची रेघ कोणी लिहीत नसे. आयांनी काढून दिलेलं दूध आम्ही गोठवून ठेवतो आणि अशक्त बाळांना पुरवतो. फ्रीजर तीन, तिन्ही शून्याच्या पुष्कळ खाली. "सगळंच वजा, मग रोज रेघा कशाला ओढत बसायच्या?" असं मोठ्या बाई म्हणायच्या. म्हणून वहीत नुसतं वीस, एकवीस. आकडा मोठा तितका गारठा जास्त, हे आमच्या हाडीमाशी खिळलं होतं.

तिसरा फ्रीजर जुना. त्याला आम्ही आजोबा म्हणायचो. तो कण्हत कण्हत कसाबसा अठरापर्यंत यायचा. त्यात एकाच आईचं दूध होतं. बाळंतपणानंतर अकराव्या दिवशी ती हृदयाच्या दुखण्याने गेली. तोवर रोज जमेल तेवढं दूध तिने काढून ठेवलं आणि नवऱ्याला बजावलं, "पुरवून पुरवून द्या हं." तो दर बुधवारी येऊन एक बाटली न्यायचा. बाळाचं पोट दुसऱ्या दुधाने भरत होतं. ही बाटली फक्त आईची म्हणून. अजून चौदा उरल्या होत्या.

शनिवार-रविवार आमची खोली बंद असते. सोमवारी सकाळी जप आटोपून कामावर आले आणि नेहमीसारखे आकडे टिपले. पहिला एकवीस, दुसरा वीस, आजोबा तेवीस.

"अगंबाई!" माझ्या हाताखालची धाकटी हसली. "आजोबांनी म्हातारपणी बाळसं धरलं! दोघा तरण्यांना मागे टाकलं की."

"देवाची कृपा," मी म्हटलं.

भिंतीवरच्या फळ्यावर आम्ही सर्वांत गार फ्रीजर वर लिहितो. त्या दिवशी मी माझ्या हाताने आजोबांना पहिलं लिहिलं. कण्हणं थांबलं होतं, तेही आम्हाला चांगलंच वाटलं. गारवा जाऊ नये म्हणून दार विनाकारण उघडायचं नाही, असा नियम. मंगळवारीही तेवीस. मी तेवीस लिहिलं.

बुधवारी त्या आईचा नवरा आला. मी दार उघडलं आणि कोंदट, आंबूस वाफ तोंडावर आली. बाटली हातात घेतली तर दूध आत डुचमळलं. मग दारावरच्या, आकडा दाखवणाऱ्या काचेकडे पाहिलं. तेवीस. आकड्याआधी वजाची रेघ नव्हती. खोलीत माणसं बसतात, तेवढी ऊब होती ती. वजा अठरापासून वर, वजा दहा, वजा एक, शून्य, आणि पुढे आणखी तेवीस पायऱ्या. सगळ्यांत गार म्हणून ज्याला वर बसवलं, तो कधीच शून्य ओलांडून गेला होता.

धाकटीने माझा दंड धरला. "ताई, पहिल्या फ्रीजरमधली एक देऊन टाका. दूध ते दूध. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना गं."

खोटं न बोलण्याचा नेम मी तीस वर्षं पाळला. त्या दिवशी तो पहिल्यांदा जड झाला.

बाहेर तो मांडीवर डबा घेऊन बसला होता. मी सांगितलं. त्याला पटेना. त्याने वही मागितली, पानावर बोट फिरवलं.

"पण ताई, इथे तर सगळ्यांत थंड हाच आहे."

मला त्याला रेघेचं सांगावं लागलं. आपण लिहीत नाही, म्हणून. वजा तेवीस आणि नुसतं तेवीस आमच्या वहीत सारखंच दिसतं, म्हणून. तो ऐकत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मी शुक्रवारी आलो असतो तर?"

"तर गोठलेलंच मिळालं असतं."

"मग आता किती राहिल्या?"

"एकही नाही, दादा."

"ओतून टाकणार?"

"हो."

"मी ओततो."

मोरीपाशी उभं राहून त्याने एकेक झाकण उघडलं. प्रत्येक बाटलीवर तिने तारीख घातली होती. ती तो वाचायचा, मग बाटली तिरकी करायचा. मी आणि धाकटी भिंतीला टेकून उभ्या होतो. माझ्या ओठांवर देवाचं नाव येईना. चौदा झाल्यावर मी नळाकडे हात नेला.

"राहू द्या," तो म्हणाला. "आपलं आपणच जाईल ते."