सशांच्या बिळावर थांबलेलं फावडं

मी फावडं बोलतोय. लांब दांड्याचं, पायाने दाबून जमिनीत उतरवायचं. एनिडच्या वडिलांनी लग्नात तिला कपबशांऐवजी मला दिलं, म्हणून तिच्या सासूबाई बरेच दिवस फुगून होत्या. तेव्हापासून इंग्लंडातल्या नॉर्फोकमधल्या या घराच्या परसात मी राबतोय. आता एनिड आणि तिचा नवरा विल्फ, दोघंही म्हातारे झालेत.

मागच्या माळावरचे ससे पूर्वी यायचे, चार पानं कुरतडून जायचे. यंदा मात्र त्यांनी परसातच बिळं पोखरली. एका सकाळी कपडे वाळत घालताना एनिडचा पाय बिळात गेला आणि पडून तिचं मनगट मोडलं.

विल्फ तसा शांत माणूस. पण त्या दिवशी त्याने मला भिंतीवरून असं ओढलं, की खिळाच निघून आला.

"एकालाही ठेवत नाही बघ!"

त्याने तारेची जाळी आणली. सशांनी खालून उकरू नये म्हणून ती जमिनीत पुरायची होती. परसाभोवतीचा सगळा चर मीच खणला. मग रिकामी बिळं बुजवत आम्ही घेवड्याच्या वाफ्यापाशी आलो. तिथे थोडी ताजी माती दिसत होती. विल्फने मला टेकवलं, वर पाय ठेवला.

"विल्फ, थांब!" हात गळ्यात बांधलेली एनिड खिडकीतून ओरडली.

"का? इथे तर बीळही नाही."

"आहे! रोज संध्याकाळी एक सशीण येते, माती उकरून आत जाते आणि निघताना पुन्हा थापून बुजवते. आत काही नसतं, तर एवढं जपून दार लावलं असतं का तिने?"

माझी धार मातीत शिरली होती. खालची ऊब मला जाणवत होती. विल्फने मला अलगद वर काढलं, गुडघे टेकले आणि बोटांनी माती बाजूला केली. आत वाळलं गवत, सशिणीने स्वतःच्या पोटाचे उपटलेले केस, आणि त्यांत डोळे मिटलेली पिल्लं.

एनिड येऊन वाकली. "एवढ्याशांनी माझं मनगट मोडलं होय!"

विल्फने सगळं होतं तसं झाकलं आणि जाळीचा एक कोपरा उघडाच ठेवला.

शेजारची डोरीन कुंपणावरून हसली. "ज्यांना हाकलायचं, त्यांच्यासाठीच वाट ठेवलीस होय रे?"

"बाळंतिणीला कोण घराबाहेर काढतं?" विल्फ म्हणाला.

घेवडा फस्त झाला. विल्फ रोज सशांना शिव्या घालायचा आणि रोज संध्याकाळी एनिडशेजारी खिडकीत बसायचा. शेवटी पिल्लं मोठी झाली, बाहेर पडली, माळावर निघून गेली. आत कुणी नाही हे हात घालून बघितल्यावरच त्याने माझ्याकडून ते बीळ बुजवलं आणि कोपरा बंद केला.

आता परसात पाय रुतत नाही. माळावर ससे चरतात.

"त्यांतले आपले कुठले रे?" एनिड विचारते.

"सगळे सारखेच दिसतात मेले," विल्फ म्हणतो. पण बघत राहतो.

माझा दांडा आता भेगाळलाय. माझ्यामागून नवं फावडं येईल, त्याला एवढं सांगा: पाय पडला की खाली जायचं, ते आपलं कामच. पण 'थांब' म्हटल्यावर थांबणारा पाय मिळाला, तर नशीब समज. मला मिळाला.